शेवटचं गाणं की शेवटची लोकल?

'कानगोष्टी' सदरासाठी आलेलं पत्र :

काका, नमस्कार.

मी २८ वर्षांची. नोकरी फोर्टातल्या एका ऑडिट फर्ममध्ये, राहायला डोंबिवली पूर्वेला. गेली दोन वर्षं एका छोट्या ई-मासिकासाठी इंडी (कंपनीशिवाय स्वतःच गाणी काढणाऱ्या) बँडचे अल्बम आणि गिग (स्टेजवरचे कार्यक्रम) यांची परीक्षणं मराठीत लिहिते. पैसे मिळत नाहीत, पण नाव येतं आणि अधूनमधून गेस्ट लिस्टवर, म्हणजे फुकट प्रवेशाच्या यादीत, लागतं.

गेल्या महिन्यात लोअर परळला एक गिग होता. वेळ आठची. पहिला बँड स्टेजवर चढला पावणेदहाला, आणि ज्यांच्यासाठी गेले होते ते साडेदहा वाजून गेल्यावर. पावणेबाराला मी निघाले. करी रोडची गाडी चुकली असती तर डोंबिवलीपर्यंत टॅक्सीचे पैसे नव्हते, शिवाय आई जागी असते. दोन गाणी राहिली होती. घरी पोचेपर्यंत मैत्रिणीने स्टेजवर चिकटवलेल्या सेटलिस्टचा, म्हणजे वाजवायच्या गाण्यांच्या यादीचा, फोटो पाठवला होता. त्यावरून मी लेखाचा शेवट केला : 'शेवटच्या गाण्यावर अख्खा हॉल बेभान झाला.' लेख आल्यावर गिटारिस्टचा मेसेज : 'ते गाणं आम्ही वाजवलंच नाही. तू होतीस ना?' त्याऐवजी त्यांनी एक नवीन, कुणीच न ऐकलेलं गाणं केलं होतं. मी अजून उत्तर दिलेलं नाही. लेख तसाच आहे.

त्याच गिगमध्ये तिसऱ्या गाण्याला गिटारची तार तुटली. तो मागे जाऊन दुसरी गिटार घेऊन येईपर्यंत बेस आणि ड्रम्स दोघांनीच गाणं लावून धरलं. गायिका माइकपासून बाजूला होऊन त्या दोघांकडे बघत उभी राहिली. बारवरची बडबड थांबली. दीड-दोन मिनिटं असतील. मला ते फार आवडलं, पण लिहिलं नाही. त्यांची फजिती कशाला दाखवा, असं वाटलं.

आणखी दोन गोष्टी. कॉलेजातल्या मित्राच्या बँडचा पहिला अल्बम आलाय आणि 'तूच लिही' म्हणून तो मागे लागलाय. अल्बम बरा आहे, म्हणजे फक्त बराच. खरं लिहिलं तर मैत्री जाईल. आणि परवा एका ड्रमरने तोंडावर विचारलं, 'तुला काय वाजवता येतं?' काहीच येत नाही. मग मी हे लिहावं का?

– डोंबिवलीची एक श्रोती


प्रिय श्रोती,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझी चूक दिसली, दुसऱ्यांदा तुझं खरं परीक्षण दिसलं. ते कुठे आहे ते पुढे सांगतो. आधी चूक निस्तरू.

आज रात्रीच संपादकांना कळव आणि लेखाच्या वरच्या बाजूला, तळाशी नव्हे, या ओळी टाकायला सांग : 'दुरुस्ती. मी या गिगमधून पावणेबाराला निघाले. शेवटची दोन गाणी ऐकली नाहीत. शेवटच्या गाण्याबद्दल मी सेटलिस्टवरून लिहिलं होतं, ते चुकीचं होतं. बँडने त्या जागी एक नवीन गाणं सादर केलं.' बस. गुपचूप वाक्य बदलून मोकळं व्हायचा मोह होईल, तो आवर. ज्यांनी आधीचं वाचलंय त्यांच्या लेखी ते गाणं अजून वाजतंच आहे. आणि गिटारिस्टला लिही : 'नव्हते. गाडी होती. चुकलं माझं.' त्यावर 'बाकी गिग मात्र अप्रतिम हं' अशी साखर पेरू नकोस.

हे मी कोणत्या तोंडाने सांगतो? तोंडघशी पडलेल्या. वीसेक वर्षांपूर्वी मी एका वर्तमानपत्रासाठी कार्यक्रमांचं वार्तांकन करायचो. उघड्या मैदानावर रॉकचा कार्यक्रम होता आणि आमचं पान सुटायचं साडेनऊला. उपसंपादक फोनवर घाई करत होता. मी मध्यंतरातच सगळा मजकूर फोनवर सांगून टाकला, शेवटासकट : 'अखेरच्या गीताला रसिकांनी उभे राहून दाद दिली.' (तेव्हा आम्ही गाण्याला 'गीत' म्हणायचो आणि ऐकणाऱ्याला 'रसिक'. छापलं की माणूस असा बोलायला लागतो.) झालं असं, की ठीक दहाला पोलीस आले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. माइक बंद झाला आणि अखेरचं गीत निम्म्यात तुटलं. रसिक उभे राहिले ते खरं, पण घरी जायला. तिसऱ्या दिवशी गिरगावातून एक पोस्टकार्ड आलं : 'आपण कोणत्या कार्यक्रमास गेला होतात?' संपादकांनी ते नोटीस बोर्डावर टाचणीने लावलं. आठ दिवस होतं तिथे. चहाला जाता-येता मी ते वाचायचो.

तेव्हा लाज वाटली ती खोटं पकडलं गेल्याची. खरी गोम पुष्कळ उशिरा लक्षात आली. माझं ते वाक्य घे, तुझं 'अख्खा हॉल बेभान झाला' घे. दोन्हींत एकही आवाज नाही. ढोल नाही, तार नाही, शब्द नाही. म्हणूनच तर ती न ऐकता लिहिता आली. आता समज, तू थांबली असतीस, ते गाणं खरोखर झालं असतं आणि तू हेच वाक्य लिहिलं असतंस. कुणी पकडलं नसतं. पण वाचणाऱ्याच्या हाती काय लागलं असतं? तितकंच, शून्य. तेव्हापासून लेख देण्याआधी मी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारतो : हे मला घरी बसून लिहिता आलं असतं का? आलं असतं तर ते वाक्य जातं. सुरुवातीच्या काळात आठशे शब्दांतले तीनशे उरायचे.

तुझा तो लेख शोधून वाचला. 'बँडने पहिल्याच गाण्यापासून स्टेजला आग लावली.' अगं, फायर ब्रिगेड बोलवायची का? इंग्रजीतून उचललेलं हे लाकूड मराठीत पेटतही नाही, नुसता धूर होतो. 'गायिकेचा आवाज थेट काळजाला भिडतो.' कुठून भिडतो? वरच्या पट्टीत की खालच्या? मोकळा आहे की नाकातून येतो? आपल्याकडे आवाजाला शब्दांची ददात नाही. भरदार, बोदा, चिरका, घोगरा, खणखणीत, कोरडा, घुसमटलेला. गळा बसलाय, आवाज फाटतोय, शब्द गिळतेय. सूर चुकण्यातसुद्धा आपण दोन पायऱ्या करतो : 'बेसूर' म्हणजे सरळ चुकलेला आणि 'कणसूर' म्हणजे एक कणभर बाजूला. कणसूर हा एक शब्द जागेवर वापरलास तर 'काळजाला भिडणारे' दहा शब्द वाचतील. माझी आजी भजनातल्या एका बाईंना 'त्यांचा सूर लागतो, पण धाप लागल्यासारखा' म्हणायची. तिने कधी परीक्षण लिहिलं नाही.

आणि आता ते खरं परीक्षण. तार तुटल्याचा जो परिच्छेद तू मला लिहिलेल्या पत्रात घातलास आणि लेखातून वगळलास, तो.

तार तुटणं ही फजिती नाही. घामाने, जुनी झाल्याने, जोरात मारल्याने तार कुणाचीही तुटते. बँड कसा आहे ते पुढच्या दीड मिनिटात कळतं. आपल्या बैठकीत तंबोऱ्याची तार उतरली की जाणकार श्रोते मान वर करतात, कारण आता गाणाऱ्याचा खरा सूर ऐकायला मिळणार असतो. तसंच हे. गिटार गेली म्हणजे गाण्याचं मधलं सगळं अंग गेलं, उरला खाली खर्ज आणि ठेका. बेसवाल्याने तेवढ्या वेळात काय केलं? तोच तुकडा घोळवत राहिला, की रिकाम्या जागेत स्वतःचं काही पेरलं? ड्रमरने आवाज उतरवला का? झांजा सोडून नुसत्या किक आणि स्नेअरवर, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर आणि समोरच्या छोट्या ड्रमवर, आला का? गायिका त्या दोघांकडे बघत उभी राहिली, हे तू लिहिलंस ते सोन्यासारखं आहे. गोंधळलेली गायिका प्रेक्षकांकडे बघते आणि काहीतरी विनोद करते. ही ऐकत होती. आणि सगळ्यांत मोठा प्रश्न : गिटारवाला परत आला तो नेमका समेवर आला, की चाचपडत घुसला? तुला आठवत असेल तर आत्ता लिहून काढ. आठवत नसेल तर पुढच्या वेळी तिकडे कान ठेव.

मी लिहिलं असतं तर साधारण असं : 'तिसऱ्या गाण्यात गिटारची तार तुटली. वादक दुसरी गिटार आणायला गेला आणि दीडेक मिनिट गाणं फक्त बेस आणि ड्रम्सवर उभं राहिलं. गायिका माइक सोडून ते ऐकत होती. बारवरची बडबड थांबली. त्या संध्याकाळी ती तेव्हाच एकदा थांबली.' शेवटचं वाक्य सोडलं तर तुझेच शब्द आहेत, मी फक्त झाडलोट केली. ते वाक्य खरं असेल तरच ठेव. यात एकही कौतुकाचं विशेषण नाही, तरी बँड चांगला आहे हे कळतं की नाही? गिग फारसा रंगला नव्हता, हेही शेवटच्या वाक्यातून कळतं.

लवकर निघण्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नकोस. मुंबईत गाडी ही वस्तुस्थिती आहे, पावसासारखी. जानेवारी २०२३ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा नावाचा परदेशी संगीत महोत्सव पहिल्यांदा भारतात आला, तेव्हा एका वेळी एकाहून जास्त स्टेज चालू होते. सगळं ऐकलेला माणूस तिथे असूच शकत नव्हता. अर्धवट ऐकून लिहिण्यात पाप नाही, फक्त वहीत वेळ टिपून ठेव आणि लेखात सांग. किंबहुना मी तर म्हणेन, वेळा छापच : जाहीर आठ, पहिला बँड पावणेदहा, मुख्य बँड साडेदहानंतर. वांद्र्यात राहणाऱ्या समीक्षकाला याचं काही वाटत नाही, रिक्षाने दहा मिनिटांत घरी. पण डोंबिवली, विरार, पनवेलच्या वाचकाला तिकीट काढावं की नाही हे ठरवायला तुझ्या साऱ्या विशेषणांपेक्षा या तीन आकड्यांचा उपयोग जास्त. हा मुद्दा तू मांडला नाहीस तर कुणी मांडणार नाही.

तू ज्या लोअर परळला उभी होतीस त्याबद्दल जरा विषयांतर करतो, म्हाताऱ्याला तेवढी मुभा दे. माझे वडील तिथल्याच एका गिरणीत होते, १९८२च्या संपापर्यंत. भोंग्यावर आमचं घड्याळ लागायचं. पुढे २००७ मध्ये मथुरादास मिलच्या आवारात ब्लूफ्रॉग नावाचं गिगचं ठिकाण सुरू झालं. पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा आत शिरायच्या आधी पाच मिनिटं आवारातच उभा राहिलो. आतला किक ड्रम भिंतीतून बाहेर येत होता, सांच्यांच्या, म्हणजे गिरणीतल्या मागांच्या, खडखडीसारखा. २०१६ मध्ये तेही बंद झालं. त्याच्या कितीतरी आधी धोबीतलावचं रंगभवन होतं, उघडं नाट्यगृह. 'इंडिपेंडन्स रॉक' १९८६ साली तिथेच सुरू झालं, आणि आमच्यासारखी चाळीतली पोरं लांब केसवाल्यांना बघायलाच जास्त जायची. (इंडी म्हटलं की आमच्या कट्ट्यावर लोक हल्ली राजकारणावर घसरतात. माझ्या लेखी अर्थ साधा : कंपनीच्या पैशाशिवाय स्वतःच्या हिमतीवर गाणी काढणारे.) हे सांगतोय ते आठवणींसाठी नाही. या शहरात अशी ठिकाणं उघडतात आणि बंद होतात, आणि तिथे काय वाजलं याची नोंद फार थोडी उरते. मराठीत तर नावालाच. तू लिहितेस ती नोंद आहे, म्हणून ती खोटी नको.

आता उभं कुठे राहायचं. याबद्दल तू विचारलं नाहीस, पण तुझ्या लेखात 'व्होकल्स दबले होते' असं एक वाक्य आहे आणि त्यावरून मला शंका आली. तू पुढे, अगदी स्टेजला खेटून होतीस ना? तिथे ड्रम्स आणि गिटारचे अ‍ॅम्प थेट कानावर येतात, आणि गाणारीचा आवाज ज्या मोठ्या स्पीकरांतून येतो त्यांची तोंडं तुझ्या डोक्यावरून मागच्या गर्दीकडे असतात. म्हणजे व्होकल्स दबले नव्हते, तू त्यांच्या वाटेत नव्हतीस. भिंतीला टेकून उभी राहिलीस तर उलटा प्रकार : बेस घुमतो, कोपऱ्यात तर फारच. साउंड इंजिनिअर जिथे कन्सोल मांडून बसलेला असतो, बहुधा मागे मध्यभागी, तिथल्या कानाने तो आवाज जुळवतो. निदान दोन गाणी त्याच्या आसपास उभी राहा. मग हवं तर पुढे जा, नाच.

त्या इंजिनिअरशी ओळखही कर. एका संध्याकाळी तीन बँड असले की बहुतेक वेळा शेवटच्यालाच धड साउंडचेक (कार्यक्रमाआधी वाजवून आवाज जुळवणं) मिळतो. बाकीच्यांना नुसता लाइन चेक, म्हणजे प्रत्येक वायरीतून आवाज येतोय का एवढं बघायचं. त्यांच्या पहिल्या गाण्यात इंजिनिअर अजून हात फिरवत असतो. शिवाय रिकाम्या हॉलमध्ये जुळवलेला आवाज माणसं भरली की बदलतो, कारण अंगं आणि कपडे वरचे, बारीक आवाज शोषून घेतात. त्यामुळे पहिल्या गाण्यावरून गायकाला फासावर चढवू नये. तो चौथ्या गाण्यातही कणसूर असेल तर त्याच्या पायाशी ठेवलेल्या मॉनिटरकडे, म्हणजे त्याचा आवाज त्यालाच ऐकवणाऱ्या स्पीकरकडे, बघ. स्वतःचा आवाज ऐकू येत नसला की माणूस एक बोट कानात घालतो, इंजिनिअरला वर-वर अशी खूण करतो, ओरडायला लागतो. तसं दिसलं तर तसं लिही : 'मॉनिटरची अडचण असावी, दोनदा खुणा केल्या, त्यानंतरच्या गाण्यात सूर सावरला.' तसं काही नसेल तर मग बेधडक कणसूर म्हण.

आणि कानात बोळे घाल. हसू नकोस. औषधाच्या दुकानात फोमचे मिळतात. ८५ डेसिबलला आठ तास ही अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने कामगारांसाठी सुचवलेली मर्यादा आहे, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलवर उरतात १५ मिनिटं. गिगमध्ये १०० सहज होतात. रात्री गाडीत बसल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर ती कौतुकाची नाही. माझा डावा कान आता वरच्या पट्टीत अधू आहे, झांजा मला एकाच बाजूने ऐकू येतात. ऑडिटरला डोळे तसे समीक्षकाला कान, बदली मिळत नाहीत.

अल्बमचं तंत्र वेगळं, आणि तिथे डोंबिवली तुझ्या फायद्याची आहे. सीएसएमटीला यायला फास्ट गाडीनेही तासाच्या आसपास जातो, म्हणजे चाळीस मिनिटांचा अल्बम एका दमात, क्रमाने, मधलं काही न गाळता. हे हल्ली दुर्मीळ झालंय. पहिल्यांदा ऐकताना काही टिपू नकोस. दुसऱ्यांदा घरी, शांतपणे, चांगल्या हेडफोनवर. तिसऱ्यांदा मोबाइलच्या स्पीकरवर, स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्यांत. तिथेही चाल तग धरते का बघ. चार दिवस सोड. मग न ऐकता कोणतं गाणं तोंडात येतं ते लिहून ठेव. हा माझा जुना उद्योग आहे आणि त्याने मला बरेचदा खोटं पाडलंय. पहिल्या दिवशी ज्यावर भाळलो होतो ते गाणं पाचव्या दिवशी आठवतही नव्हतं.

दोन सापळे तेवढे सांगतो. एक म्हणजे आवाजाची पातळी. दोन गाण्यांत जे थोडं मोठ्याने वाजतं ते कानाला जास्त चांगलं वाटतं, ही कानाची खोडच आहे. स्पॉटिफाय सगळ्या गाण्यांना साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (हे आवाजाच्या जोराचं माप) पातळीवर आणून ठेवतं. पण बँडने तुला खासगी लिंकवर पाठवलेल्या फायलींना ते लागू नाही. तिथे मास्टरिंगमध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या शेवटच्या सफाईत, ठेचून मोठं केलेलं गाणं उगाच 'दमदार' वाटेल. तुलना करायची तर आधी हाताने आवाज सारखा कर. दुसरा सापळा सुरुवातीचा. तीस सेकंद ऐकलं की स्पॉटिफायवर एक प्ले मोजला जातो, म्हणून आताशा बरीच गाणी दहाव्या सेकंदाला गळा काढतात. ज्या अल्बममध्ये एखादं गाणं सव्वा मिनिट नुसतं वाजत राहायची हिंमत करतं, तिथे थांब आणि का ते शोध. कधी ती खरी हिंमत असते, कधी नुसता कंटाळा.

गाणं मराठी असेल तर शब्दही तपास, हे इंग्रजीतून लिहिणारे करणार नाहीत. 'पाऊस'मधला 'ऊ' सोडून 'पा' ओढला, 'मन'ला 'मना' करून मात्रा भरली, असं फार होतं. स्वदेसीसारख्या मुंबईच्या हिप-हॉप गटाने मराठीत रॅप केलं तेव्हा मला पहिला आनंद झाला तो याचा, की शब्द बोलण्याच्या वजनाने पडत होते, चालीत कोंबलेले नव्हते.

मित्राच्या अल्बमचं उत्तर सरळ आहे : लिहू नकोस. खरं लिहिलंस तर त्याला वाटेल तू सूड उगवलास, गोड लिहिलंस तर वाचक फसेल, आणि 'तो माझा मित्र आहे' असं वर लिहून खाली तारीफ केलीस तर ते कुणी वाचणारच नाही. संपादकांना सांग, दुसऱ्या कुणाला द्या. मित्रासाठी मात्र दोन पानी पत्र लिही. त्यात काही झाकू नकोस : कोणतं गाणं लांबलंय, कुठे ड्रम्स शब्दांवर चढतात, सहापैकी कोणती दोन तू परत परत ऐकलीस. त्या पोरांनी जॅमपॅडचं, म्हणजे सरावाच्या खोलीचं, तासाचं भाडं भरून, मिक्सिंगचे पैसे पगारातून काढून हे केलंय. त्यांना तोंडदेखल्या लेखापेक्षा ते पत्र जास्त उपयोगी पडेल. मैत्री त्याने जात असेल तर ती गेस्ट लिस्टवरची होती.

गेस्ट लिस्टचं म्हणशील तर खाल्ल्या मिठाला जागायचं नसेल तर मीठ कमी खावं. चारपैकी तीन गिगना तरी तिकीट काढून जा. जिथे फुकट जाशील तिथे 'बँडच्या निमंत्रणावरून' हे दोन शब्द लेखात घाल. मी स्वतः एकेकाळी फुकटच्या दोन बिअरवर एका सामान्य बँडला 'आश्वासक' म्हटलं होतं. 'आश्वासक' शब्द दिसला की समजावं, समीक्षकाला काहीतरी मिळालंय किंवा काही सुचलेलं नाही.

काठी सगळ्यांना सारखी मारू नये, हेही खरं. चाळीस माणसांपुढे पहिला गिग करणाऱ्या पोरांचं वाईट झालं तर बऱ्याचदा न लिहिणंच बरं, कारण ज्यांचं नावच कुणाला माहीत नाही त्यांच्यापासून कुणाला सावध करायचं? तोच ढिसाळपणा हजारो रुपयांचं तिकीट लावणाऱ्या बँडने केला तर तिथे हात आखडू नकोस.

राहिला तो ड्रमर. वामनराव देशपांडे चार्टर्ड अकाउंटंट होते आणि संगीतावर मराठीत त्यांनी जे लिहिलं ते आजही वाचावं लागतं. तू ऑडिटवाली, म्हणून तुला दिलासा म्हणून हे नाव सांगायचा मोह झाला. पण अर्धंच सांगितलं तर मीही सेटलिस्टवरून लिहिल्यासारखं होईल. वामनराव गायिका मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकलेले होते. संगीतावर लिहिणारे केशवराव भोळे तर 'प्रभात'च्या चित्रपटांना संगीत देत. तेव्हा त्या ड्रमरचा प्रश्न उर्मट असला तरी अगदीच टाकाऊ नाही. वाजवता आलंच पाहिजे असं नाही, पण नुसतं उंटावरून शेळ्या हाकायच्या नसतील तर खाली उतरून दोन-चार गोष्टी बघाव्या लागतात. कुठल्यातरी बँडला विचारून एक रविवार त्यांच्या जॅमपॅडमध्ये कोपऱ्यात बस. एकच गाणं ते तीन तास कसं मोडतात-जोडतात ते ऐक. एकदा गिगला चार तास आधी जा आणि साउंडचेक पूर्ण बघ. गाडीत बसल्या बसल्या गुडघ्यावर चार-चार मात्रा मोजायला शिक, म्हणजे कुणी सातात गेलं की तुला अंगात कळेल. ड्रमर जे वाजवतो ते तुला वाजवता येणार नाही. पण त्याला स्वतःचा बँड समोरून कधीच ऐकता येत नाही, तो कायम मागे बसलेला असतो. समोरून कसं लागलं हे त्याला तूच सांगू शकतेस, खरोखर समोर असलीस तर. पुढच्या वेळी हे त्याला सांग आणि एखाद्या गाण्यात त्याने झांजा सोडल्या तर का सोडल्या ते विचार. बघ कसा बोलत सुटतो.

ते नवीन गाणं मात्र डोक्यात राहिलंय माझ्या. सेटलिस्टवर नसलेलं, कुणी न ऐकलेलं गाणं त्यांनी ऐन शेवटी का काढलं? ठरलेलं बदलून बँड असं करतो तेव्हा स्टेजवर काहीतरी घडलेलं असतं, कदाचित त्या तुटलेल्या तारेशीही त्याचा संबंध असेल. गिटारिस्टला माफीचा मेसेज करशील त्यातच विचार, ते पुन्हा कधी वाजवणार. आणि त्या रात्रीपुरती परळ-दादरकडे कुठल्यातरी मावशी-आत्याकडे मुक्कामाची सोय कर. आईला आधी सांगून ठेव.